१८० डिग्री म्हणजे किती लाकडं?

परवाची परवाची म्हणता दोन महिने झाले या गोष्टीला. डोक्यातून जात नाही, म्हणून एकदाची लिहून टाकते.

तर झालं असं. माझं आजोळ हिरकणीवाडीचं. हो, तीच, रायगडाच्या पायथ्याची, जिथून रोपवे वर जातो. महाडपासून पंचवीसेक किलोमीटर. मामेभावाची मुलगी नववीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती पुण्याला माझ्याकडे चार दिवस राहून गेली, तेव्हा मी तिला पास्ता बेक करून घातला होता. वरचा खरपूस पापुद्रा मोडला की आतून वाफ आणि चीजच्या तारा. पोरीने तीनदा घेतला. जानेवारीत वाढदिवस जवळ आला तसा तिचा निरोप, "आत्या, तो चीजवाला लिहून पाठव ना. आई करणार आहे."

मी पाठवला. आणि वर झोकात मथळा दिला, 'चीजी पास्ता बेक, घरच्या घरी, साध्या साहित्यात'. खाली मॅकरोनी, लोणी, मैदा, दूध, चीज, टोमॅटो, कांदा, लसूण, मिरपूड. मिक्स हर्ब्ज (असल्यास). त्या कंसातल्या 'असल्यास'चा मला तेव्हा अभिमानही वाटला होता. केवढी मी समजूतदार!

चार दिवसांनी वहिनीचा फोन.

"ताई, तुम्ही लिहिलंय ओव्हन १८० डिग्रीला तापवून घ्या. १८० डिग्री म्हणजे किती लाकडं?"

मी हसले. ती नाही हसली. टोमणा वगैरे नव्हता हो तो, तिला खरंच माहिती हवी होती. तिच्याकडे गॅस आहे, चूल आहे, मिक्सर आहे, फ्रिज आहे. ओव्हन नाही. आणि मुलीला तिने शब्द दिला होता.

तेव्हापासून माझं या 'साधं' शब्दाशी भांडण लागलंय. 'साधं साहित्य' म्हणजे काय? विचार करून मला एकच व्याख्या सापडली. लिहिणाऱ्याच्या फ्रिजमध्ये जे आधीपासून आहे, ते साधं. बाकी काही नाही. मला मोझरेला साधं, कारण ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. वहिनीला नाचणीचं पीठ साधं, मला ते पाकिटात विकत आणावं लागतं आणि त्यावर 'सुपरफूड' लिहिलेलं असतं. पाककृती लिहिणारे आपण सगळे (हो, मीसुद्धा) स्वतःच्या ओट्याचा फोटो काढतो आणि त्याला जगाचा नकाशा म्हणतो.

एक खुलासा आत्ताच करते. हा 'बिच्चारं खेडं' छाप लेख नाही. हिरकणीवाडीत मॅकरोनी काय, सगळं ठाऊक आहे. दर शनिवार-रविवारी गड चढायला मुंबई-पुण्याची गर्दी येते, तिच्या हातातली पाकिटं पोरं बघत असतात. महाडच्या बाजारात चीज मिळतं. प्रश्न मिळण्याचा नाहीच. 'सोप्पं आहे गं' असं म्हणून आपण कुणाच्या डोक्यावर काय ठेवतो, त्याचा आहे.

फोनवर समजावणं काही जमेना. वाढदिवस रविवारी होता, मी शुक्रवारी ताम्हिणीमार्गे गाडी पकडून महाडला उतरले आणि संध्याकाळी वहिनीच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. म्हटलं, मीच मथळा दिलाय, मीच निस्तरते.

वहिनीचा दिवस आधी सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. ती घरीच खानावळ चालवते. चार टेबलं, अंगणात मांडव. शनिवारी पहाटे साडेचारला उठून भाकरीचं पीठ मळण्यापासून तिचा दिवस सुरू होतो, गड उतरून आलेल्या शेवटच्या ग्रुपला जेवू घालेपर्यंत रात्रीचे दहा. मधे पाणी भरणं, भांडी, पोरीचा अभ्यास, मामीचं औषध. अशा बाईला मी 'अवघ्या वीस मिनिटांत बेक तयार' असं लिहून पाठवलं होतं.

वीस मिनिटं फक्त ओव्हनमधली असतात, लोकहो. त्याआधीचं कुणी मोजतच नाही. शनिवारी रात्री मी घड्याळ लावून बसले. कांदा-लसूण-टोमॅटो चिरून सॉस आटवणं, पंचवीस मिनिटं. मॅकरोनीचं पाणी उकळून ती शिजवणं आणि निथळणं, वीस मिनिटं. (ती जराशी कच्चीच काढायची, कारण पुढे सॉसमध्ये आणि धगीवर ती आणखी शिजते. पूर्ण शिजवली तर बेकचा गोळा होतो.) व्हाइट सॉस, पंधरा मिनिटं, तोही न हलता एका जागी उभं राहून. चीज किसणं, थर लावणं. मग भांडी, त्यात चिकटलेल्या चीजचं एक भांडं धरून. काही कामं एकीकडे एक अशी उरकली, तरी जाळावर चढायच्या आधीच सव्वा तास झाला होता. आणि हे दोन बायका हाताशी असताना.

व्हाइट सॉसपाशी मात्र माझीच फजिती झाली. मी शिकवायच्या थाटात सुरुवात केली, लोणी वितळवायचं, तेवढाच मैदा मंद आचेवर परतायचा, रंग बदलू द्यायचा नाही, मग दूध थोडं थोडं... एक लिटर दुधाला चार मोठे चमचे लोणी आणि चार चमचे मैदा. वहिनीने माझ्या हातातून रवी घेतली. "हे पिठल्यासारखंच की." आणि बघता बघता एकही गुठळी नसलेला, रेशमासारखा सॉस. वीस वर्षं गुठळ्या चमच्याच्या पाठीने मोडत आलेली मी बघत राहिले. तीस माणसांचं पिठलं रोज घोटणाऱ्या हाताला मी पीठ दुधात कसं मिसळायचं ते सांगत होते. कौशल्य तिच्याकडे आधीच होतं. फक्त त्याला फ्रेंच नाव नव्हतं, म्हणून कौशल्य म्हणून ते कुणी मोजलं नव्हतं.

आता चीज. इथे जरा रेंगाळणार आहे, कारण खरी गंमत इथेच आहे.

महाडहून भावाने दोनशे ग्रॅमचं प्रोसेस्ड चीज आणलं होतं, सव्वाशेच्या आसपास. प्रोसेस्ड चीजला नाकं मुरडायची आपल्याकडे हल्ली फॅशन आहे. मी मुरडणार नाही. १९१० च्या दशकात चीज टिकावं म्हणून शोधलेली ती युक्ती आहे. चीज वितळवून त्यात सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार घालतात, त्यामुळे तापवलं तरी तूप वेगळं सुटत नाही. म्हणूनच ते सॉसमध्ये छान मिसळतं, आणि म्हणूनच त्याच्या तारा येत नाहीत. दोन्ही गोष्टींचं कारण एकच. नाक मुरडायचंच असेल तर त्या दुसऱ्या पदार्थाला मुरडा, ज्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असतं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे त्याला चीज म्हणताच येत नाही, पाकिटावर 'अ‍ॅनालॉग' असं लिहावं लागतं. पण पाकीट राहतं हॉटेलच्या भटारखान्यात आणि आपल्यासमोर येते ती फक्त ताटली. घरी करण्याचा मला पटणारा खरा फायदा तो हाच. काय खातोय ते माहीत असतं.

पण भाचीला तारा हव्या होत्या! म्हणून मी म्हटलं, म्हशीच्या दुधाचं ताजं मोझरेला करू. इटलीत कांपानिया भागातलं नावाजलेलं मोझरेला म्हशीच्याच दुधाचं असतं. आणि आपण तर हिरकणीच्या गावात. दूध विकायला गड चढणाऱ्या गवळणीचं गाव. दुधाला काय तोटा?

तोटा होता. मामाच्या गोठ्यात मी लहानपणी तीन म्हशी पाहिल्यात. मामी तेव्हा ताक घेऊन गडाच्या पायऱ्यांवर बसायची. आज गोठ्यात मोटरसायकल आणि पाण्याची टाकी आहे. चहाचं दूध पिशवीतून येतं, घाटावरून. पावसाळ्यात चार महिने चिखल, उन्हाळ्यात चारा विकत आणि पाणी लांब, पोरं मुंबईला, मग म्हशीचं करणार कोण? भाऊ सांगत होता, हिशेबच बसेना. त्यात मला त्याचा दोषही दिसेना. शेवटी वरच्या आळीत एकीकडे म्हैस आहे असं कळलं. ऐंशी रुपये लिटर.

शनिवारी सकाळी पहिला लिटर आला आणि मामीने तो सवयीने उकळून ठेवला. घरात दूध आलं की आधी तापवायचं, आणखी काय करणार ती माउली! पण उकळलेल्या दुधाच्या तारा येत नाहीत. दूध खूप तापलं की त्याच्या पाण्यातली प्रथिनं चोथ्याला चिकटून बसतात आणि मिळतं ते पनीर, भुसभुशीत. तसंच झालं. (वाया नाही गेलं, ते टोमॅटोच्या थरात ढकललं.) संध्याकाळच्या धारेचा दुसरा लिटर मी राखण करत बसले. दूध आंघोळीच्या पाण्याइतकंच गरम केलं, मोठे तीन-चार चमचे व्हिनेगर हळूहळू घातलं, हलक्या हाताने ढवळलं. चोथा एकत्र आला. तो पिळून, वरचं हिरवट पाणी कडक तापवून त्यात बुडवला, काढला, घडी घातली, पुन्हा बुडवला. तिसऱ्या वेळी कणकेसारखा ताणला गेला. भाची किंचाळलीच. मामी म्हणाली, "दूध नासवून एवढा आनंद!" एका लिटरचा जेमतेम दीडशे ग्रॅमचा गोळा. ऐंशी रुपयांचं दूध आणि पाऊण तास. गावातल्या म्हशीचं, गावातल्या घरात केलेलं. मग ठरवा आता यातलं साधं कुठलं, आणलेलं की केलेलं?

(अवांतर: म्हशीच्या दुधाची पावडर होणारच नाही असं एकेकाळी परदेशी तज्ज्ञ सांगत. ती आणंदला हरिचंद दलायांनी करून दाखवली आणि १९५५ मध्ये तिचा कारखाना उभा राहिला. पुढे अमूलने म्हशीच्या दुधाचं चीजही केलं. तेव्हा चीज म्हणजे काहीतरी गोऱ्यांचं, असं म्हणणाऱ्यांनी थोडं थांबावं.)

उरला ओव्हन. रविवारी सकाळी मी आधी कुकर काढला. शिटी आणि रबर काढून तळाला मिठाचा थर देऊन करतात ना केक, तसं. छोट्या भांड्यात नमुना लावून पाहिला. शिजला, पण वरून पांढराफटक. साहजिकच आहे, धग सगळी खालून. आणि खरपूसपणा यायला वरच्या भागाला पाण्याच्या उकळीपेक्षा पुष्कळ जास्त कोरडी उष्णता लागते. वाफेत काही लाल होत नाही, म्हणून तर इडली पांढरी राहते.

मामी हे सगळं पाटावर बसून बघत होती. म्हणाली, "वरून विस्तव नाय दिला तर वरून लाल कशाला होईल?" बस्स. जाड बुडाचा टोप मंद निखाऱ्यांवर, टोपावर लोखंडी परात, परातीत निखारे. पंचवीस मिनिटांनी परात उचलली तर माझ्या पुण्याच्या ओव्हनमध्ये कधी आला नव्हता असा रंग. कडेला थोडं करपलं होतं, ते सर्वांत आधी संपलं. १८० डिग्री म्हणजे किती लाकडं याचं उत्तर हे, की चार लाकडांचे निखारे, त्यातले जास्त वर आणि कमी खाली.

हे तंत्र मामीला कुणी शिकवलं? कोणीच नाही. आणि आता त्या पाहुण्यांकडे वळते, ज्यांच्यामुळे हा लेख एवढा तिखट होतोय.

रविवारी दुपारी टोप उघडला तेव्हा मांडवात एक काका जेवत होते. पुण्याचेच (आमचेच!). बायको, दोन मुलं. वास गेला असावा. विचारलं काय आहे, वहिनीने सांगितलं. तर ते मान हलवत म्हणाले, "अरेरे. हिरकणीच्या गावात पास्ता? तुम्ही तरी आपलं जपायला हवं."

वहिनी काही बोलली नाही. गिऱ्हाईक होतं. मीही तेव्हा गप्प बसले, तिच्या धंद्याच्या आड कशाला या. आता मात्र बोलते.

काका, तुमच्या ताटात पिठलं-भाकरी होती. भाकरी ज्वारीची मागून घेतली होतीत तुम्ही. या डोंगराखाली ज्वारी पिकत नाही हो. इथे पिकतो भात, नाचणी, वरी. ज्वारी घाटावरून येते, बेसन बाजारातून येतं. इथल्या माणसाच्या रोजच्या ताटात तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं, नाहीतर सुकट. 'गडावर जायचं आणि पिठलं-भाकरी खायची' हा रिवाज तुम्ही-आम्ही शहरातून घेऊन आलो, वहिनीने तो विकायला ठेवला, आणि आता तोच तिला 'तुमचं आपलं' म्हणून परत शिकवायचा? तिने मुलीच्या वाढदिवसाला काय करावं हे सांगणारे आपण कोण?

आणि बेक म्हणाल तर तो या जिल्ह्याला नवा नाही. थंडीत इथे पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे. तोंड पाल्याने बंद, मडकं उपडं, भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही. ही बंद भट्टीच झाली की. सीकेपी घरांतलं भानोळं, श्रावणातलं निनावं, दोन्ही खाली-वर विस्तव ठेवूनच भाजायची रीत. आणि सिंधुदुर्गात काकडीचं धोंडस. मामीला ओव्हन माहीत नव्हता, ओव्हनचं काम माहीत होतं. 'आपलं' जपायचा एवढा कळवळा असेल तर हे तंत्र जपा. त्यात मॅकरोनी घातली की भानोळं, त्याला राग येणार नाही.

पण काकांचं शेवटचं वाक्य मला जास्त लागलं. हात धुता धुता त्यांनी मुलांना हिरकणीची गोष्ट सांगितली आणि मग बायकोकडे बघत, हसत म्हणाले, "बघ, ती मुलासाठी कडा उतरली. आणि आमच्याकडे पिझ्झा बाहेरून येतो."

त्या बाई हसल्या. कसं ते सगळ्या बायकांना माहीत आहे.

हिरकणीची गोष्ट आख्यायिका आहे, तिचे पुरावे मी मागत नाही. लहानपणी याच अंगणात मामाच्या तोंडून ऐकलेली, मला ती प्रिय आहे. कोजागिरी, गडावर दूध विकायला गेलेली गवळण, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं लेकरू, पहारेकरी नियमाला बांधलेले, आणि अंधारात कडा उतरून ती घरी. महाराजांनी तिला मान दिला आणि त्या जागी बुरूज बांधला. इथवर गोष्टीचं. पुढचं आपलं. आपण तिचं नाव एसटीच्या निमआराम गाडीला दिलं, बाळाला पाजण्याच्या खोल्यांना दिलं (ते छानच केलं), २०१९ साली सिनेमा काढला. आणि सगळीकडे तिला फक्त आई ठेवलं. अहो, ती विक्रेती होती. कामावर गेली होती. गोष्टीत दुधाचा उल्लेख एका ओळीत संपतो. त्या दिवशी उशीर का झाला? दूध खपलं नव्हतं? पैसे द्यायला कुणी ताटकळत ठेवलं? लेकराला कोण सांभाळत होतं? दुधाला भाव काय मिळाला? तीनशेहून जास्त वर्षांत हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही. आपल्याला कडा आवडला.

महाराजांनी निदान ती वाट बंद केली, म्हणजे पुन्हा कुणाला तिथून जाता येऊ नये. आपण मात्र रोज नव्या बाईला कड्यावर उभी करतो. बाहेरचं नको, घरी कर. मैद्याचं नको, गव्हाचं कर. चीज विकत नको, घरी बनव. त्यात पालक लपव, गाजर लपव, मुलाला कळता कामा नये. आणि हे सगळं कसं? तर साध्या साहित्यात, झटपट. प्रेम असलं की वेळ मिळतोच. नाही मिळत! वहिनीला नाही मिळत. शनिवारी दिवसभर खानावळ चालवून ती रात्री साडेअकराला टोमॅटो आटवत उभी होती, आणि त्याचं कारण मी झोकात लिहिलेला एक मथळा होता. प्रेम तिच्याकडे भरपूर आहे. म्हणूनच तर तिला कुणीही कड्यावरून ढकलू शकतं.

तुम्ही म्हणाल, मग काय घरी करूच नये? करावं की. मी परत करणार आहे, निखाऱ्यांवरचाच, जमला तर. तो बेक फार सुंदर झाला होता. घरचा होता, आत काय आहे ते माहीत होतं, चव कुठल्याही हॉटेलात मिळाली नसती. पण त्याला साधा म्हणू नका. सव्वा तासाची तयारी, चार हात, एक म्हातारीचं शहाणपण, दोन लिटर म्हशीचं दूध, त्यातलं एक नासलेलं. आणि ज्या दिवशी अंगात त्राण नसेल त्या दिवशी पाव-अंडं खाऊन झोपा. त्या दिवशीची आई काही कमी आई नसते. भाचीलाही मी हेच सांगितलं. शिवाय कांदा चिरायला तिला आणि तिच्या बापाला बसवलं. भावाने आयुष्यात पहिल्यांदा चीज किसलं, बोट किसून घेतलं, आणि दिवसभर सगळ्यांना ते बोट दाखवत हिंडला. :)

काकांच्या मुलांनी जाता जाता बेक मागितला, हे सांगायचं राहिलंच. वहिनीने दोन वाट्या दिल्या, वाढदिवसाचं म्हणून पैसे घेतले नाहीत. त्यांच्या आईने कशात काय घातलं ते हळूच विचारून घेतलं. मी 'साधं' हा शब्द तोंडातून निघू दिला नाही.

रात्री आवराआवर झाल्यावर भाची म्हणाली, "आई, फळ्यावर लिहूया का? पास्ता बेक, आधी सांगावे लागेल." वहिनीला ते पटलं असावं, कारण ती वही घेऊन बसली. मॅकरोनी, दूध, लोणी, टोमॅटो. चीज महाडचंच धरलं, घरचं परवडणार नाही. लाकडं. मी म्हटलं, "आणि तुझा सव्वा तास?"

"तो कसा धरायचा ताई?"

"मुंबईत कामाला गेली असतीस तर तासाला काय मिळालं असतं?"

"मी कुठे गेलेय मुंबईला."

मामी अंथरुणावरून म्हणाली, ती ताकाच्या भावात चढण धरायची. खाली आणि वर एकच भाव कधी लावला नाय. वहिनीने तेही वहीत लिहिलं, कशापुढे ते मला दिसलं नाही. मग बराच वेळ खोडाखोड चालली होती. सकाळी मी निघाले तेव्हा फळ्यावर पिठलं-भाकरी, अंडा-भाकरी, ताक, आणि त्याखाली भाचीच्या गोल अक्षरात पास्ता बेक. पुढची जागा अजून कोरी होती.